झेंडूचा वकील

दसऱ्याच्या आदल्या रात्री झेंडू ओवायला बसले की मला हमखास एव्हरेट डर्कसन आठवतात. बोटांना तो कडवट, उग्र वास, मांडीवर दोरा, आणि शेजारी त्यांचं जुनं ध्वनिमुद्रण लावलेलं. आवाज अगदी काकवीसारखा. दाट, संथ, धार तुटतच नाही.

इलिनॉयमधल्या पेकिन गावचे हे सिनेटर झेंडूवर लुब्ध होते. झेंडूला अमेरिकेचं राष्ट्रीय फूल करा, असा ठराव १९६०च्या दशकात त्यांनी पुनःपुन्हा मांडला. जणू एखाद्या गुणी पण बिनवशिल्याच्या पोराला नोकरीला चिकटवायचंय! फूल मुळात तिकडचंच, मेक्सिकोकडचं. आपल्या दारावर ते पाहुणं म्हणून आलं आणि घरचं झालं. तिथे मात्र १९८६ साली मान गुलाबाने पटकावला.

तरुणपणी डर्कसन भावांच्या बेकरीत राबले, जोडीला नाटकं लिहिली. हुकलेली रंगभूमी त्यांनी सिनेटात वसूल केली. १९६८मध्ये, बहात्तराव्या वर्षी, ‘गॅलंट मेन’ या त्यांच्या तबकडीला ग्रॅमीही मिळालं. इथे अब्ज, तिथे अब्ज, असं करता करता खऱ्याखुऱ्या पैशाची गोष्ट निघते, हा त्यांचा म्हणून सांगितला जाणारा टोला. ते असं बोलल्याची नोंद मात्र सापडत नाही. विनोदी माणसाच्या नावावर असं बरंच जमा होतं.

मतंही ते सहज फिरवायचे. जो दिसेल त्याला कम्युनिस्ट ठरवत सुटलेल्या सिनेटर मॅकार्थींची पाठराखण त्यांनी केली, हे मी विसरू शकत नाही.

पण १० जून १९६४. नागरी हक्क विधेयक दक्षिणेतल्या सिनेटरांनी भाषणं लांबवून लांबवून अडवून धरलेलं. चर्चा बंद करायला ६७ मतं हवीत. अल्पमतातल्या रिपब्लिकनांचे नेते डर्कसन उठले आणि व्हिक्टर ह्यूगोला साक्षीला घेऊन म्हणाले, या कल्पनेची वेळ आता आली आहे. (१९९१च्या अर्थसंकल्पी भाषणात मनमोहन सिंगांनीही ह्यूगोलाच हाक मारली होती.) मतं पडली ७१ विरुद्ध २९.

त्या मतदानात कॅलिफोर्नियाच्या क्लेअर एंगल यांचं नाव पुकारलं गेलं. मेंदूतल्या गाठीने त्यांची वाचा गेली होती. व्हीलचेअरवर बसूनच त्यांनी कसाबसा हात उचलला आणि बोट डोळ्यापाशी नेलं. इंग्रजीत डोळा आणि होकार, दोन्हींचा उच्चार एकच. मत नोंदवलं गेलं: बाजूने.