हेरेसच्या पेठांतून

स्पेन देशाच्या दक्षिण भागात, अटलांटिक महासागराच्या किनाऱ्यापासून थोडे आत, हेरेस दे ला फ्रोन्तेरा नावाचे एक पुरातन नगर आहे. उन्हाळ्यात या नगराकडे येणाऱ्या प्रवाशाला प्रथम दिसतात त्या चुन्यासारख्या पांढऱ्या टेकड्या आणि त्यांवरील द्राक्षवेलींच्या हिरव्यागार रांगा. त्या पांढऱ्या मातीला तेथील लोक ‘आल्बारिसा’ म्हणतात. हिवाळ्यात पडलेला पाऊस ही माती पोटात साठवून ठेवते. पुढे उन्हाने तिचा वरचा थर कठीण झाला, की आतली ओल बाहेर निसटू शकत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात महिनोन्‌महिने पावसाचा थेंब पडला नाही, तरी वेली टवटवीत राहतात. पीक निघाल्यावर शेतकरी वेलींच्या रांगांमध्ये चौकोनी आळी खणून ठेवतात. पावसाचे पाणी उतारावरून वाहून न जाता तेथेच मुरावे, हा त्यातील हेतू. मिळालेले जपून ठेवावे आणि गरजेच्या वेळी पुढे द्यावे, हा या मातीचा गुण आहे. नगर पाहून परतताना प्रवाशाला वाटू लागते, की माणसांनी हा गुण मातीपासूनच घेतला असावा.

नगराच्या नावातही इतिहास दडलेला आहे. पाचशे वर्षांहून अधिक काळ येथे मुसलमानांचे राज्य होते. अरबी भाषेत या गावाला ‘शेरीश’ म्हणत. येथील द्राक्षांचे मद्य विकत नेणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्यांनी त्याच नावावरून त्या मद्याला ‘शेरी’ म्हणण्यास प्रारंभ केला. पुढे १२६४ साली कॅस्टिलचा राजा दहावा अल्फॉन्सो याने हे नगर जिंकले. त्यानंतर १४९२ पर्यंत पूर्वेकडे ग्रानाडाचे मुसलमान राज्य होते आणि पश्चिमेकडे ख्रिस्ती राज्य होते. हेरेस या दोहोंच्या सीमेवर असल्यामुळे त्याच्या नावापुढे ‘सीमेवरचे’ या अर्थाचे ‘दे ला फ्रोन्तेरा’ हे शब्द जोडले गेले. आज तेथे कोणतीही सीमा नाही. परंतु नावाने ती आठवण टाकलेली नाही.

तटाच्या आतील जुने गाव देवळांच्या नावांनी विभागलेले आहे. सान मार्कोस, सान मातेओ, सान लुकास आणि सान हुआन ही ख्रिस्तचरित्र लिहिणाऱ्या चार संतांची नावे. त्यांची चार देवळे आणि प्रत्येक देवळाभोवती एकेक पेठ. गल्ल्या अरुंद आणि वळणावळणाच्या आहेत. भिंती पांढऱ्या, दारे जाडजूड, खिडक्यांना लोखंडी गज. मध्येच एखादे दार उघडे असते आणि आत फुलांच्या कुंड्यांनी सजलेला चौक दिसतो.

गावाच्या एका कडेला अल्कासार नावाचा बाराव्या शतकातील किल्ला उभा आहे. त्याच्या आवारात एक लहानशी मशीद आहे. तिच्या चौकोनी भिंतींवर आठ बाजूंचा विटांचा घुमट इतक्या सहजतेने बसविला आहे, की पाहणारा मान वर करून उभाच राहतो. अल्फॉन्सो राजाने ही मशीद पाडली नाही. तिचे प्रार्थनामंदिर केले. जवळच जुने स्नानगृह आहे. त्याच्या छताला चांदणीच्या आकाराची छिद्रे ठेवलेली आहेत. भर दुपारी त्यांतून उन्हाचे कवडसे उतरले, की अंधाऱ्या खोलीत दिवसाच नक्षत्रे उगवल्याचा भास होतो. किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर नगरातील सर्वांत मोठे चर्च आहे. त्याचे बांधकाम १६९५ साली सुरू झाले आणि १७७८ साली पूर्ण झाले. तेथेही पूर्वी मोठी मशीद होती. सप्टेंबर महिन्यात द्राक्षांचा हंगाम आला, की याच चर्चच्या पायऱ्यांपाशी लोक जमतात आणि पहिली द्राक्षे जुन्या पद्धतीने पायांनी तुडविली जातात. पूर्वी तुडविणारे मजूर खिळे ठोकलेले खास जोडे वापरीत. द्राक्षांच्या बिया खिळ्यांच्या फटींत अडकत आणि चिरडल्या जात नसत. त्यामुळे रसात कडवटपणा उतरत नसे.

या नगरात मद्य साठविण्याच्या कोठ्या आहेत. बाहेरून पाहिल्यास एखादे मोठे देऊळच असावे असे वाटते. उंच छत, जाड भिंती, कमानींच्या रांगा आणि अगदी वर लहान लहान खिडक्या अशी त्यांची बांधणी असते. समुद्रावरून येणारा दमट वारा आत यावा आणि पूर्वेकडील कोरडा, उष्ण वारा बाहेर राहावा, असा विचार त्यात केलेला असतो. उन्हाळ्यात जमिनीवरील पिवळ्या मातीवर पाणी शिंपडतात, म्हणजे आत गारवा टिकतो. एका कोठीत तर उंदरांसाठी एका पेल्यात गोड मद्य भरून ठेवतात आणि त्या पेल्याला चिमुकली शिडी लावतात! ती पाहून थोरामोठ्यांनाही हसू आवरत नाही.

मात्र या कोठ्यांत विचार करण्यासारखी खरी गोष्ट आहे ती साठवणीची रीत. ओक वृक्षाच्या लाकडाची, काळ्या रंगाची मोठमोठी पिंपे एकावर एक रांगांनी रचलेली असतात. जमिनीलगतच्या रांगेला ‘सोलेरा’ म्हणतात. तिच्यात सर्वांत जुने मद्य असते. त्यावरच्या रांगांत उत्तरोत्तर कमी वयाचे मद्य असते. विक्रीसाठी काढावयाचे ते केवळ खालच्या रांगेतून, आणि तेही थोडेच. जेवढे काढले तेवढी भर वरच्या रांगेतून घालतात. त्या रांगेतील तूट तिच्या वरच्या रांगेतून भरून काढतात, आणि सर्वांत वर नव्या हंगामाचे मद्य येते. कोणतेही पिंप कधी पूर्ण रिकामे करीत नाहीत. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या हंगामाचा अंश, थेंबभर का होईना, आजच्या पिंपातही असतो. या रीतीत एकच धोका आहे. वरून नवे येणे थांबले, तर खालचे जुने कितीही मोलाचे असले तरी एक दिवस संपून जाणारच.

ही गोष्ट मनात ठेवून प्रवासी तटाबाहेरच्या दोन पेठांकडे वळतो. एक सांतियागो आणि दुसरी सान मिगेल. या पेठांत हेरेसचे दुसरे धन साठविलेले आहे. ते पिंपांत नव्हे, माणसांच्या कंठांत आहे. ते धन म्हणजे फ्लामेंको नावाचे गाणे.

या दोन्ही पेठांत पिढ्यान्‌पिढ्या रोमा लोकांची वस्ती आहे. स्पेनमध्ये त्यांना ‘खितानो’ म्हणतात. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले आणि इराण, ग्रीस असे देश ओलांडीत युरोपभर पसरले. स्पेनमधील त्यांच्या आगमनाचा पहिला लेखी उल्लेख १४२५ सालचा आहे. हा सारा प्रवास त्यांनी कोठे लिहून ठेवला नव्हता. तो उलगडला भाषेमुळे. १७८२ आणि १७८३ या वर्षी दोन जर्मन विद्वानांनी रोमा भाषेतील शब्द भारतीय भाषांशी ताडून पाहिले, आणि या लोकांचे मूळ घर जगाला कळले. रोमा भाषेत पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाक’, दोनाला ‘दुई’ आणि दहाला ‘देश’ म्हणतात. आणखी पुरावा तो कोणता हवा?

परंतु स्पेनमध्ये ही भाषा टिकू शकली नाही. १६३३ च्या राजाज्ञेने रोमा लोकांना आपली भाषा बोलण्यास आणि आपला वेष करण्यास मनाई केली. १७४९ च्या जुलै महिन्यात तर राज्यभरातील रोमा लोकांना एकाच वेळी पकडण्याचा हुकूम सुटला. पुरुषांना स्त्रियांपासून वेगळे केले गेले. पुरुषांना जहाजांच्या गोद्यांत राबावे लागले आणि स्त्रिया व मुले बंदिवासात पडली. कित्येकांची सुटका होण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागला. ज्या घरात आईने मुलाशी आपल्या भाषेत बोलणे हाच अपराध, त्या घरात भाषा कशी राहावी? ती हळूहळू आटत गेली. आज स्पेनमधील रोमा लोक स्पॅनिश बोलतात, आणि जुन्या भाषेचे काही सुटे शब्द तेवढे त्यांच्या बोलण्यात उरले आहेत. वरच्या रांगेत नवे घालू दिले नाही, म्हणून ते पिंप जवळजवळ रिकामे झाले.

गाणे मात्र राहिले. सान मिगेल पेठेत लोहारांच्या भट्ट्या होत्या. तेथे ऐरण आणि हातोडा यांच्या घावांच्या साथीवर ‘मार्तिनेते’ नावाचे गीत गात. त्याला गिटार नाही, दुसरे कोणतेही वाद्य नाही. दुःख सांगण्यासाठी कंठ आणि लोखंड एवढेच पुरे होते. सांतियागो पेठेतील पुष्कळ माणसे शेतमजुरीला जात आणि दिवसभराच्या कष्टानंतर गाण्याने शीण घालवीत. ‘बुलेरिया’ हा बारा मात्रांचा द्रुत गानप्रकार हेरेसचे खास वैभव होय. कोणत्या पेठेची बुलेरिया सरस, यावर दोन्ही पेठांचा जुना, गोड वाद आहे. सान मिगेलने मानुएल तोर्रे हा थोर गायक दिला आणि १९२३ साली जन्मलेली विख्यात कलावती लोला फ्लोरेस दिली. सांतियागोने ज्याला ‘तेर्रेमोतो’, म्हणजे भूकंप, असे टोपणनाव मिळाले तो गायक दिला. २०१० साली युनेस्कोने फ्लामेंकोला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. ज्यांना एकेकाळी गप्प राहण्याचा हुकूम होता, त्यांचाच आवाज जगाने आपला मानला.

हे गाणे शिकविले कोठे जाई? शाळेत नव्हे. सांतियागो पेठेत ‘कांतारेरिया’ नावाची गल्ली आहे. नावाचा अर्थ घागरी घडविण्याची जागा, म्हणजे आपल्याकडील कुंभारआळीच. अशा गल्ल्यांतून पूर्वी एकेका वाड्यात अनेक बिऱ्हाडे राहत. मध्ये एकच चौक, एकच विहीर आणि कपडे धुण्याची एकच जागा. संध्याकाळी कोणीतरी टाळी धरी, दुसरा तान घेई, आणि आईच्या मांडीवरचे मूल बोलायला शिकण्याआधी ताल शिके. नाताळाच्या दिवसांत चौकात शेकोटी पेटे आणि ‘साम्बोम्बा’ घुमू लागे. साम्बोम्बा म्हणजे तोंडावर कातडे ताणून बसविलेले मातीचे मडके. त्या कातड्याच्या मधोमध एक काठी बसविलेली असते. ओल्या हाताने ती घासली, की मडक्यातून खोल, घोगरा नाद निघतो. त्याच्या भोवती सारे शेजारी, लहानथोर, कडे करून गातात. हा उत्सव आजही हेरेसमध्ये मोठ्या उत्साहाने होतो.

तथापि आज या गल्ल्यांतून हिंडताना प्रवाशाचे मन काहीसे उदास झाल्यावाचून राहत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कित्येक कुटुंबे नगराबाहेर बांधलेल्या नव्या इमारतींत राहावयास गेली. त्यांना तेथे नळाचे पाणी मिळाले, मोकळी हवा मिळाली. हे योग्यच झाले. परंतु मागे राहिलेल्या वाड्यांपैकी अनेकांची छपरे कोसळली. एखाद्या बंद दाराच्या फटीतून डोकावले, तर चौकात गवत माजलेले दिसते आणि विहिरीवर गंजलेली कप्पी लोंबकळताना दिसते. ज्या चौकांनी गाणे सांभाळले, त्यांना सांभाळणारे आता कोण?

अशा विचारात प्रवासी एका छोट्या चौकात येऊन थांबतो. चार-पाच मुले चेंडू खेळत असतात. खेळता खेळता त्यांतील एक मुलगा दुसऱ्याला ‘चावाल!’ अशी हाक मारतो. स्पॅनिश भाषेत पोरसवदा मुलाला असे म्हणतात. हा शब्द रोमा लोकांच्या ‘चावो’ या शब्दावरून आला, आणि ‘चावो’ म्हणजे मुलगा. तोच प्राचीन शब्द इकडे मराठीत ‘छावा’ होऊन राहिला आहे. राजाज्ञेने जी भाषा बंद केली, तिचाच एक शब्द आज साऱ्या स्पेनची मुले एकमेकांना प्रेमाने हाक मारण्यासाठी वापरतात, आणि त्यांना त्याची जाणीवही नसते!

चेंडू भिंतीवर आपटून परत येतो. एक मुलगा कट्ट्यावर बसून कंटाळल्यासारखा टाळी वाजवू लागतो. दुसरा नकळत तिच्यात आपली टाळी मिसळतो, आणि बारा मात्रांचे आवर्तन सहज पुरे होते. ते कोणी त्यांना मुद्दाम शिकविलेले नाही. पिंपांच्या सर्वांत वरच्या रांगेत नवी भर पडत असल्याची ती खूण होय. प्रवासी क्षणभर ऐकत उभा राहतो आणि मग हलक्या मनाने पुढच्या पेठेची वाट धरतो.