तळहाताएवढी जमीन

आमच्या घरी वस्तू टाकून देण्याची रीत नव्हती. ती संपेपर्यंत वापरण्याची होती. आबांचे धोतर विरले की त्याचे पंचे होत, पंचे विरले की स्वयंपाकघरातली फडकी होत आणि फडकी शेवटी सायकल पुसण्याच्या कामी येत. त्या सायकलचा टायर फाटला तरी नवा घेतला जात नसे. फाटलेल्या जागी आतून जुन्या टायरचा तुकडा बसवून घेत. दुकानात त्याला गेटर म्हणत. गेटर बसवलेले चाक दर फेऱ्याला एकदा हलकासा ठेका धरी आणि त्या ठेक्यावरून आबा गल्लीत वळल्याचे आम्हांला आधीच कळे. तोही टायर अगदीच निकामी झाला की आम्हा मुलांच्या हाती येई आणि काठीच्या टोल्यांवर गल्लीभर धावे. कोणतीही वस्तू हातात घ्यायची, उलटसुलट पाहायची आणि "अजून जीव हाय त्यात" असे म्हणून परत जागेवर ठेवायची, हा आबांचा निर्वाळा आमच्या घरात अंतिम असे. त्या काटकसरीविषयी मला आजही आदरच आहे. तिच्या बळावर आम्ही भावंडे शिकलो. परंतु मोटारसायकलचा टायर ही संपण्याआधीच टाकून द्यावी लागणारी वस्तू आहे, हे त्या घराने मला शिकवले नव्हते. ते मी पुढे शिकलो आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

२०१८च्या जून महिन्यातली गोष्ट. पत्नी मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देत होती. दोन पेपर उरले होते आणि मध्ये पाच दिवसांची सवड होती. चिपळूणला तिच्या वडिलांना बरे नसल्याचा निरोप आला, म्हणून आम्ही कराडहून मोटारसायकलने निघालो. कोयनानगर मागे पडले आणि पाऊस सुरू झाला. त्या मोसमातला पहिलाच. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल, धूळ आणि पाणी एक होऊन जो निसरडा थर तयार होतो, तो पुढच्या धुवाधार पावसापेक्षाही घातक असतो. कुंभार्ली घाट उतरताना एका वळणावर समोरून ट्रक आला आणि मी मागचा ब्रेक दाबला. चाक थांबले, गाडी थांबली नाही. वेग फार नव्हता. मागचे चाक सावकाश, जणू कुणी हाताने ओढावे तसे, वळणाच्या बाहेर सरकत गेले आणि आम्ही दोघेही आडवे झालो. माझ्या कोपराला खरचटले. तिने पडताना उजवा हात टेकला होता. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला. उरलेले दोन पेपर तिला देता आले नाहीत.

तिने मला दोष दिला नाही. दिला असता तर मला बरे वाटले असते. तिने पुस्तके एका पिशवीत भरली आणि ती पिशवी कपाटाच्या वरच्या खणात ठेवली. ती पिशवी खाली यायला दोन वर्षे लागली.

मागचा टायर गुळगुळीत झाल्याचे मला ठाऊक नव्हते, असे मी काही दिवस सर्वांना सांगत असे. ते खरे नव्हते. मार्चमध्येच मेकॅनिकने त्यावर बोट ठेवले होते. नक्षीच्या खाचांमध्ये तळाशी रबराचे बारीक उंचवटे असतात. टायर झिजत झिजत त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की त्याची मुदत संपली असे समजायचे. दुचाकीसाठी ही मर्यादा ०.८ मिलिमीटरची आहे, तेवढीच कायद्यालाही मान्य आहे. माझा टायर त्या खुणेला टेकला होता आणि मी आबांच्याच स्वरात म्हणालो होतो, "एवढा पावसाळा काढेल."

पुढे एक गोष्ट ध्यानात आली आणि तिने मला अधिकच खजील केले. टायरवरची नक्षी पकडीसाठी असते, असा माझा समज होता. वास्तविक कोरड्या रस्त्यावर बिननक्षीचा टायरही चांगली पकड देतो. शर्यतीच्या गाड्यांचे कोरड्या हवामानातले टायर तर गुळगुळीतच असतात. नक्षी असते ती पाण्यासाठी. त्या खाचा चाकाखालचे पाणी बाजूला सारतात, म्हणून रबर रस्त्याला टेकते. खाचा उरल्या नाहीत तर पाण्याला वाट उरत नाही. म्हणजे एप्रिल आणि मे हे दोन महिने तो झिजलेला टायर माझी चांगली सेवा करत होता. त्याने एकदाही तक्रार केली नाही, आणि त्याच्या त्या निमूट सेवेवर विसंबून मी माझ्या पाठीमागे बसलेल्या माणसाला घाटात घेऊन गेलो. मोटारसायकलचे प्रत्येक चाक कोणत्याही क्षणी जमिनीला टेकते ते जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. दोन माणसे, सामान, वेग, वळण या सगळ्यांचा भार त्या दोन तळहातांवर असतो.

अपघातानंतर मी दोन्ही टायर नवे घेतले. पश्चात्तापाच्या भरात घेतलेल्या वस्तूकडे माणूस नीट पाहत नाही. मीही पाहिले नाही.

२०२२च्या उन्हाळ्यात तिने शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर दिला. निकाल लागला त्या दिवशी मी विचारले, "काय हवे तुला?" साडी, फार तर अंगठी, असे काही उत्तर मला अपेक्षित होते. ती म्हणाली, "हंपी बघायचीय. आणि अहो, मोटारसायकलवरून जायचं." मधल्या साडेचार वर्षांत आम्ही दोघे मिळून गावाबाहेर गाडीवर गेलो नव्हतो. माझी बदली गावातल्या शाळेत झाली होती, पुढे टाळेबंदी आली आणि गाडी बहुतेक वेळ अंगणात उन्हात उभी असे. मी होकार दिला. पण त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही.

डिसेंबरात निघायचे ठरले. कराड ते हंपी हे अंतर साधारण साडेचारशे किलोमीटर. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, गदग, होसपेट असा रस्ता. परतताना बदामी करायची, म्हणजे सगळे मिळून हजारच्या आसपास. नोव्हेंबरात एका रविवारी मी अंगणात बसून टायर पाहू लागलो. दोन्हींची नक्षी भरपूर खोल होती. गाडी फारशी चाललीच नव्हती! शिवाय डिसेंबरात पाऊस नाही. मनातल्या मनात हिशेब मांडून मी खर्च वाचवलाही होता. तेवढ्यात चहा घेऊन ती बाहेर आली, शेजारी उकिडवी बसली आणि टायरच्या बाजूवर उमटवलेला मजकूर एखादा उतारा वाचावा तसा मोठ्याने वाचू लागली. "नव्वद, तिरकी रेघ, नव्वद, सतरा, एकोणपन्नास पी. याचा अर्थ काय?" मी सांगितले. टायरची रुंदी ९० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ९० टक्के, आत बसणाऱ्या रिमचा व्यास १७ इंच. ४९ हा भाराचा सांकेतिक अंक, म्हणजे १८५ किलो. 'पी' म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. "आणि हे वेगळ्या चौकटीत लिहिलेलं? एक पाच एक सहा?"

ते मला माहीत होते, पण कधी वाचले नव्हते. त्यातले पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. २०१६ सालचा पंधरावा आठवडा. म्हणजे २०१८मध्ये मी 'नवा' म्हणून घेतलेला पुढचा टायर दोन वर्षांहून अधिक काळ कुणाच्या तरी दुकानात पडून होता आणि आता साडेसहा वर्षांचा झाला होता. मागच्या टायरवर ०७१८ असे होते. तो खरोखरच ताजा मिळाला होता. रबर वापराने झिजते, तसे न वापरताही म्हातारे होते. ऊन आणि हवा त्यातला मऊपणा काढून घेतात, ते कडक होते आणि रस्त्याला बिलगेनासे होते. मी टायरची बाजू अंगठ्याने दाबली. खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा उघडल्या. टायर बनवणाऱ्या काही कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करायला सांगतात आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शाबूत असली तरी टायर बाद करायला सांगतात. माझ्या टायरला दहाची वाट पाहण्याची गरज नव्हती. भेगा बोलत होत्या.

आबा ओट्यावरून पाहत होते. ते म्हणाले, "नक्षी तर कोरी दिसतीया. अजून जीव हाय त्यात." मी उत्तर देण्यापूर्वीच ती म्हणाली, "आबा, वरून दिसतोय तसा. आतून गेलाय." आबा काही बोलले नाहीत. सुनेच्या त्या मनगटाकडे त्यांनी एकदा पाहिले असावे, असे मला वाटले. पण तो माझा भासही असेल.

महामार्गालगतच्या टायरच्या दुकानातला तरुण मुलगा मला एक माप रुंद टायर देऊ पाहत होता. "काका, गाडी भारी दिसते," तो म्हणाला. दिसण्याचे मला वावडे नाही. परंतु रिम जुन्याच मापाचे असताना त्यावर रुंद टायर चढवला की त्याचा घाट बिघडतो, वळताना गाडी जड लागते आणि तो आजूबाजूच्या भागांना घासण्याचीही भीती असते. मी कंपनीने नेमून दिलेलेच माप मागितले आणि या खेपेस पैसे देण्यापूर्वी चौकटीतले अंक वाचले. चारच महिन्यांपूर्वीचा होता. बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. तो चाक पुढे फिरते त्या बाजूला आहे ना, हे त्याने टायर चढवताना पाहिले आणि मीही पाहिले. हवेची तोटीही नवी बसवली. तोटी बदलायला फारसा खर्च येत नाही आणि जुनी तोटी तडकली तर नव्या टायरचा काही उपयोग राहत नाही. मागचा टायर मात्र मी ठेवला. त्याला भेगा नव्हत्या, रबर मऊ होते, नक्षी निम्म्याहून अधिक होती. तो बदलला असता तर ती सावधगिरी नव्हे, केवळ भीती ठरली असती.

जुना टायर मी दुकानातच सोडणार होतो. आबांसाठी घरी आणला. दुसऱ्या दिवशी परसात पाहतो तर लिंबाच्या रोपाभोवती तो ठेवून, आत माती भरून त्यांनी आळे केले होते.

कोऱ्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत, निसरडा असतो. पहिले शे-दीडशे किलोमीटर तो जपून, फार न कलंडता चालवावा लागतो. म्हणून एका रविवारी मी पाटणच्या दिशेने निघालो. ती म्हणाली, "मी येते." पाटण गेले, कोयनानगर गेले. दोघांपैकी कुणीही परत फिरू या असे म्हटले नाही. त्या वळणावर तिने गाडी थांबवायला लावली, उतरली, रस्त्याच्या कडेला जरा वेळ उभी राहिली आणि परत येऊन बसली. पाहण्यासारखे तिथे काही नव्हते.

निघण्याच्या आदल्या दिवशी ती बाजारातून हवा मोजण्याचे छोटे यंत्र घेऊन आली. पेट्रोल पंपावर "किती टाकू?" असे विचारल्यावर आपण बहुतेक जण अंदाजाने आकडा सांगतो. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत पुढे २५, मागे एकट्यासाठी २८ आणि दोघांसाठी ३२ असे दिले आहे. हवा कमी असेल तर टायरची बाजू दर फेऱ्याला दबते-फुगते आणि त्या वाकण्यानेच तो तापत जातो. लांबच्या प्रवासात टायर फुटण्याचे हे एक मोठे कारण. हवा जास्त असेल तर तो मधोमध झिजतो आणि रस्त्याला टेकणारा तळहात आणखी आक्रसतो. मोजणी नेहमी पहाटे, चाके थंड असताना करायची. बेळगावजवळ जेवायला थांबलो तेव्हा मागचे माप ३५ भरले. मी हवा सोडायला वाकलो, तर तिने हात धरला. "पुस्तिकेत थंड टायरचा आकडा आहे. हा तापलाय. रात्री आपोआप खाली येईल." विद्यार्थिनी म्हणून तिची ही शिस्त मला ठाऊक होती, रस्त्यावर ती प्रथमच माझ्या उपयोगी पडली.

हुबळीत मुक्काम केला. सकाळी मी आंघोळ करून खाली आलो तोवर ती वाहनतळात गुडघ्यांवर बसलेली होती. पर्समधल्या वहीत तिने लिहिले होते : पुढे २५, मागे २७. पाच अंकांची घट. मागचे चाक हळूहळू फिरवत आम्ही पाहिले तर एका खाचेत स्क्रूचे टोपण चमकत होते. ट्यूब असती तर हवा झपाट्याने गेली असती. ट्यूबलेस टायरमध्ये रुतलेला स्क्रू स्वतःच्याच भोकाचे बूच होऊन बसतो आणि हवा थेंबाथेंबाने जाते. गाडी चालवताना मला काहीच जाणवले नसते. दुपारी गदगच्या पुढे, तापलेल्या रस्त्यावर, कदाचित फार उशिरा जाणवले असते. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला मराठी येत नव्हते, आम्हांला कन्नड येत नव्हते. स्क्रूने भाषेची गरज ठेवली नाही. त्याने तो पकडीने उपसला, भोक सळीने साफ केले, चिकट रबरी पट्टी आत दाबून बसवली, वरून थुंकीचे बोट फिरवले आणि बुडबुडा येत नाही हे आम्हा दोघांना वाकून पाहायला लावले. तिने स्वतः ३२ मोजले आणि मगच बॅगा बांधल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विठ्ठल मंदिराच्या प्रांगणात उभे होतो. समोर तो दगडी रथ होता. तिने त्याच्या एका चाकाला हात न लावता, दोन बोटांच्या अंतरावरून, परिघाभोवती हात फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "याची हवा बघायला नको." आणि बाहेर गाडीपाशी आल्यावर तिने पर्समधून ते यंत्र काढले.