बियाण्याची डिस्क

परभणीतल्या एका पतसंस्थेत मी संगणकांचं काम बघतो. पूर्वी ठेवी, कर्ज आणि पगार यांसाठी तीन वेगळी यंत्रं होती. आता एकच दणकट सर्व्हर आहे आणि त्याच्या पोटात पाच आभासी सर्व्हर चालतात. जुन्या वाड्यासारखं: बिऱ्हाडं वेगळी, दिंडी दरवाजा एक. वीज वाचते, जागा वाचते, एकाच एसीत भागतं.

ही सोय खंडणीखोरांच्याही पथ्यावर पडली. पूर्वी एकेक खोली फोडावी लागायची. आता ते हायपरव्हायझरवर, म्हणजे हे सगळे आभासी सर्व्हर चालवणाऱ्या मूळ प्रणालीवर, डोळा ठेवतात. ती हाती आली की सगळ्या बिऱ्हाडांना बाहेरून कुलूप बसतं आणि आतल्या अँटिव्हायरसला पत्ताही लागत नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये ‘ईएसएक्सआयआर्ग्ज’ नावाच्या रॅन्समवेअरनं जगभरातले हजारो व्हीएमवेअर सर्व्हर असेच बंद पाडले. चोर ज्या भगदाडातून शिरल्याचा अंदाज होता, ते बुजवण्याचं अपडेट कंपनीनं दोन वर्षं आधीच दिलेलं होतं.

आमच्या अध्यक्षांना सगळे काका म्हणतात. ते म्हणाले, “आपण एवढुशे. आपल्याला कोण लुटायला येतंय?”

मी त्यांना सी-एज टेक्नॉलॉजीजचं सांगितलं. टीसीएस आणि स्टेट बँकेची ही भागीदारीतली कंपनी लहान बँकांना संगणकसेवा पुरवते. ३१ जुलै २०२४ रोजी रॅन्समवेअरच्या संशयावरून राष्ट्रीय पेमेंट महामंडळानं तिला आपल्या जाळ्यापासून तोडलं. देशातल्या सुमारे तीनशे सहकारी आणि ग्रामीण बँकांचे व्यवहार अडकले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. पण जुलैअखेर आपल्याकडे कापूस-सोयाबीनची फवारणी चालू असते. खात्यात पैसे असून ते निघत नसतील, तर औषध उधारीवरच आणावं लागतं. लहान माणूस ज्या वाड्यात भाड्यानं राहतो, तो वाडा कुणाच्या नजरेत भरलाय हे त्याला माहीतही नसतं.

काका गप्प झाले. मग विचारलं, “यावर उपाय काय?”

उपाय एमआयडीसीच्या प्रकरणात दिसतो. २१ मार्च २०२१ रोजी तिच्या मुंबईतल्या मुख्यालयातले सर्व्हर रॅन्समवेअरनं गोठवले, कार्यालयांतले काही संगणकही. बॅकअप मात्र नेटवर्कच्या वेगळ्या भागात होता, तो वाचला.

काकांची शेती मानवतजवळ आहे, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगितलं: खायची ज्वारी आणि बियाण्याची ज्वारी आपण एका कोठीत ठेवत नाही. बियाण्याला राख लावून ते वेगळं ठेवतो आणि कितीही तंगी आली तरी त्याला हात लावत नाही. बॅकअप त्याच सर्व्हरला जोडलेला असेल, तर चोर आधी तोच पुसतो. मला दोन डिस्क हव्या होत्या, आळीपाळीनं जोडायला. जी जोडलेली नसेल ती दुसऱ्या इमारतीतल्या तिजोरीत राहील.

संचालक मंडळात खर्चावरून कुरबुर झाली. काकांनी ठराव मंजूर केला, पण एक अट घातली: दर महिन्याला तिजोरीतली डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून खाती उघडून दाखवायची. “बियाणं ठेवलंय म्हणून उगवतंच असं नाही,” ते म्हणाले. “आम्ही शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून बघतो. सत्तर उगवले तर पेरतो.”

खात्यांच्या बाबतीत सत्तर चालणार नाहीत. शंभरच्या शंभर उगवायला हवेत.