दाखल नंबर

आमच्या गावच्या वाचनालयात पुस्तकाच्या नावाला किंमत नव्हती, दाखल नंबराला होती. नाव सांगितलं की ग्रंथपालकाका चष्म्यावरून बघत, "नंबर बोल." मग यादीच्या वहीत बोट फिरवत बसायचं. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांना मात्र यादी लागत नसे. पुठ्ठे इतके झिजलेले की लांबूनच ओळखू यायचे. एका रहस्यकथेचं शेवटचं पान गेलेलं होतं. खुनी कोण, मला अजून ठाऊक नाही.

दिवाळी अंक दोन दिवसांत परत, नाहीतर दंड. काकांनी सख्ख्या बहिणीलाही तो सोडला नव्हता. मे महिन्यात ते खळ शिजवायचे आणि आम्ही पोरं फाटकी पुस्तकं बांधायला बसायचो. खळीचा आंबूस वास आठवडाभर हाताला राही.

परवा गेलो. खिडकी तीच. मागच्या खोलीत अभ्यासिका झालीय. पंधरा-वीस मुलंमुली स्पर्धा परीक्षेची पुस्तकं उघडून बसलेली. आमच्या वेळी मुली दारातूनच पुस्तक घेऊन परतायच्या, तेव्हा जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. खिडकीशी आता ताई असतात. वाचनालय सकाळ-संध्याकाळ उघडं, मधल्या वेळात त्या ब्लाउज शिवतात. अनुदानाचा हप्ता लांबला की पगारही लांबतो. "मासिकं बंद केली," त्या म्हणाल्या, "पेपर तेवढे ठेवलेत."

हे कोल्हापूर जिल्ह्यात, याचं जास्त वाईट वाटतं. देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४५ साली कोल्हापूर संस्थानानं केला. तीन वर्षांनी मद्रासनं कायदा केला, त्यात घरपट्टीवर ग्रंथालय कर बसवला. म्हणजे पैशाची वाट कायद्यातच आखली. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यात असा कर नाही. सरकारनं ग्रंथालय निधीत दरवर्षी निदान २५ लाख रुपये घालावेत, एवढं मात्र लिहिलं. त्या काळी ती रक्कम मोठी असेल. आज राज्यात अकरा-बारा हजार मान्यताप्राप्त ग्रंथालयं आहेत. २५ लाख त्यांच्यात वाटले तर एकेकाच्या वाट्याला वर्षाला दोनशे-सव्वादोनशे रुपये येतात. एक बरी कादंबरीही त्यात येत नाही. प्रत्यक्षात तरतूद याच्या कितीतरी पट असते, हे खरं. पण ती त्या-त्या वर्षीच्या मर्जीची. वाढली तर सत्कार, अडकली तर निवेदनं.

आमदारसाहेब, आमदारताई, अर्थसंकल्पी अधिवेशनात एवढं मांडा: किमान रकमेचा आकडा आजच्या भावानं बदला, तो महागाईबरोबर वाढू द्या, आणि हप्त्याची तारीख कायद्यात बांधून टाका. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचा हार घालायला आमच्याकडे आलात तर फोटो काढा, चहाही घ्या. फक्त निघण्याआधी खिडकीपाशी थांबून ताईंना विचारा, मागचा हप्ता जमा झाला का.