राजकमलला इटालियन कुठं मिळतं?

"हे लोकं काय खाऊन राह्यले वं?"

रात्रीचे साडेदहा वाजले होते. आई पलंगावर बसून, मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून कोरियन सिरियल बघत होती. हिंदीत डब केलेली. बाबा गेल्यापासून तिला झोप लवकर येत नाही, आणि माझ्या धाकट्या बहिणीनं तिला हे व्यसन लावून दिलं आहे. पडद्यावर सेऊलचा बाजार होता. माणसावर माणूस, दुकानांच्या चकाकत्या पाट्या, पिशव्या घेतलेल्या पोरी. त्या गर्दीतून एक मुलगा आणि एक मुलगी वाट काढत निघाले, एक अरुंद जिना चढले आणि वर काचेच्या खिडकीपाशी बसून काट्यानं काहीतरी पांढरं गुंडाळून खायला लागले.

"पास्ता," मी म्हटलं. "इटालियन असतं."

"कोरियात?"

"हो. तिकडं पोरं-पोरी भेटले की पास्ता खातात."

हे मी उगाच ठोकून दिलं नव्हतं. कोरियन मालिकांमध्ये पहिली भेट बऱ्याचदा इटालियन हॉटेलात होते. 'पास्ता' नावाची एक अख्खी मालिकाच २०१० साली येऊन गेली, सेऊलमधल्या एका इटालियन हॉटेलच्या स्वयंपाकघरावर. घरच्या जेवणासारखं नसलेलं, जरा महाग, आणि समोरासमोर बसून हळूहळू खायचं असं काहीतरी म्हणून तिकडं पास्ता लागतो.

आईनं थोडा वेळ विचार केला. "मंग आपल्या राजकमलले बी भेटत असन."

मी गप्प बसले. राजकमलच्या गर्दीत पास्ता कुठं मिळतो हे मला चांगलंच माहीत होतं. आणि मला माहीत आहे हे आईला माहीत होतं.

तर आधी प्रश्नाचं सरळ उत्तर देते.

अमरावती ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: राजकमल चौक, जयस्तंभ चौक, गांधी चौक आणि जुन्या परकोटाचं जवाहर गेट, एवढ्या चालण्याच्या अंतरात आमचा सगळा बाजार आहे. लग्नाचा बस्ता, सोनं, चपला, भांडी, मोबाईलचे कव्हर, सगळं इथंच. अंबादेवीचं दर्शन घेऊन माणसं थेट खरेदीला लागतात. या पट्ट्यात इटालियन तीन प्रकारचं मिळतं.

पहिलं गाडीवरचं. बेकरीतून आलेला तयार पिझ्झा बेस, त्यावर लाल सॉस, कांदा, सिमला मिरची, किसलेलं चीज आणि वरून मेयोनीजच्या रेघोट्या. कुणी त्यावर बारीक शेवही टाकतो. उभ्यानं खायचं, दहा मिनिटांत निघायचं. दुसरं साखळी दुकानांचं, जे पुण्यात, नागपुरात आणि इथं सारखंच लागतं. भारतात पहिलं डॉमिनोज १९९६ साली दिल्लीत उघडलं, पण आमच्या पिढीतल्या वऱ्हाडी पोरांचा पहिला पिझ्झा तिथला नाहीच. तो घरच्या तव्यावर झाकण ठेवून झाला. बेकरीचा बेस, टोमॅटो केचप, अमूलची क्यूब. खालून करपलेला, वरून चीज कच्चं. आम्ही तो शेजाऱ्यांना सांगून खाल्ला.

तिसरं म्हणजे कॅफे. दुकानाच्या वर, बाजूच्या जिन्यानं. मेनूकार्डावर पास्ता तीन रंगांत असतो: रेड सॉस, व्हाइट सॉस, आणि दोन्ही मिसळून पिंक सॉस. जैन हवं असेल तर कांदा-लसणाशिवाय करून देतात, कारण बाजारात जैन-मारवाडी गिऱ्हाईक भरपूर. अकोल्यात गांधी रोडच्या बाजूला गेलात तरी थोड्याफार फरकानं हेच. चव म्हणाल तर सगळीकडं एकच: मैदा, दूध, चीज, ओरेगॅनोची पुडी.

पण कॅफेत चवीसाठी कुणीच जात नाही, हे मला सतराव्या वर्षीच कळलं होतं.

२०१२. बारावीचं वर्ष. ट्यूशनला एक मुलगा होता. त्याचं नाव इथं नको, तो आता दोन पोरांचा बाप आहे. आम्हाला बोलायचं होतं, बाकी काही नाही. पण अमरावतीत एका मुलानं आणि मुलीनं बोलायचं कुठं? रस्त्यावर उभं राहिलं की ओळखीचं कुणीतरी जातंच. बागेत गेलं की चौकीदार हटकतो. गिला वड्याच्या गाडीवर दोघं सोबत उभे राहिलो तर संध्याकाळपर्यंत घरी पोचलंच म्हणून समजा. राहिला कॅफे. तेव्हा त्यात प्लायवूडच्या छोट्या कॅबिन असायच्या, समोर पडदा. एका व्हाइट सॉस पास्त्याच्या पैशात एक तास बसायला मिळायचं. पास्ता म्हणजे आमचं भाडं होतं.

तिसऱ्या खेपेला गल्लीतल्या एका काकांनी मला जिना चढताना बघितलं आणि घरी जाऊन सांगितलं. बाबा तेव्हा दौऱ्यावर होते. आई साईनगरहून ऑटो करून आली. पडदा बाजूला झाला तेव्हा मी त्या मुलाला कॅल्क्युलसचं एक गणित समजावून देत होते. आज हे विनोदी वाटतं. तेव्हा माझे पाय थंड पडले होते.

आई ओरडली नाही. तिनं एकदा त्या मुलाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, एकदा टेबलावरच्या अर्ध्या प्लेटकडं. काउंटरवर जाऊन बिल विचारलं. एकशेतीस रुपये. पदराच्या गाठीतून नाही, पर्समधून नाही, ऑटोसाठी मुठीत धरून आणलेल्या नोटांमधून तिनं ते दिले. मग आम्ही दोघी राजकमलपासून साईनगरपर्यंत चालत घरी गेलो, कारण ऑटोला पैसे उरले नव्हते. वाटेत ती एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ट्यूशन बदलली.

तो विषय त्यानंतर आमच्या घरात कधी निघाला नाही. मीही आईला काही सांगायचं बंद केलं. इंजिनियरिंगच्या वर्षांतलं, पुण्याच्या नोकरीतलं, एक जुळता जुळता मोडलेलं लग्न, सगळं तिला नंतर, इतरांकडून कळत गेलं. फोनवर आम्ही भाजीचे भाव आणि गुडघेदुखीवर बोलायचो. भांडण नव्हतं. नुसतं काहीच नव्हतं.

त्यामुळं या मे महिन्यात तिनं राजकमलचं नाव काढलं तेव्हा मी रात्रभर त्यावर विचार करत पडले. सकाळी म्हटलं, "चल, आज पास्ता खाऊ."

दुपारी साडेतीनला निघालो. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. आधी तिला चुलत बहिणीच्या पोरीसाठी कापड घ्यायचं होतं, मग चप्पल, मग कुकरची रिंग. दीड तासात मला चक्कर यायला लागली. आई मात्र चालत होती. मी तिला विचारलं, "तू बाजारात आलीस की बसतेस कुठं?"

"बसाले काय झालं?" ती म्हणाली. मग जरा थांबून, "साडीच्या दुकानात. पन मंग साडी घ्या लागते."

मी तिच्यासोबत या बाजारात शेकडो वेळा आले असेन. हे कधी डोक्यात आलं नव्हतं. पुरुष चहाच्या टपरीवर बसतो, पानठेल्यावर टेकतो, ओळखीच्या दुकानाच्या पायरीवर पेपर वाचतो. बाईला या अख्ख्या बाजारात बसायला एक पांढरी गादी, तीही साडी बघेपर्यंत. उन्हाळ्यात रसवंतीचं बाकडं, तेही ग्लास संपेपर्यंत. आणि बाथरूम? आई घरून निघताना पाणी पीत नाही. चव्वेचाळीस डिग्रीत. तिच्या मते बाजाराला जायची तीच पद्धत.

जुना कॅफे आता राहिलेला नाही. तिथं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मी शेजारचा एक शोधून ठेवला होता, पहिल्या मजल्यावर. कॅबिन नाहीत, उघडी टेबलं, एसी, रस्त्याच्या बाजूला काच. आत कॉलेजची तीन जोडपी होती. आईला बघून एका पोरीनं ओढणी सावरली आणि समोरच्या पोराचा हात सोडला. आईनं ते पाहिलं. माझ्या आधी पाहिलं.

तिनं वेटरला पहिला प्रश्न विचारला: "बाथरूम हाये का?"

होतं. स्वच्छ होतं. परत आली तेव्हा तिचा चेहरा सैल झाला होता. तिनं सलग दोन ग्लास पाणी प्यायलं.

पास्ता आला. पांढरा, वरून लाल मिरचीचे तुकडे. तिनं काट्यानं एक पेन्ने उचलून निरखला, आतल्या पोकळीतून पलीकडं बघितलं आणि म्हणाली, "हे त सरगुंडे होय."

सरगुंडे वऱ्हाडाबाहेर फार कुणाला माहीत नसतात. भिजवून दळलेल्या गव्हाचं पीठ घट्ट मळायचं, त्याची बारीक दोरी वळायची, ती काडीवर गोल गोल गुंडाळायची आणि अलगद सरकवून काढायची. वाळले की उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि आमरसात बुडवून खायचे. नवा जावई उन्हाळ्यात आला की हे झालंच पाहिजे. इटलीत सिसिलीच्या त्रापानीकडं बुसियाते नावाचा पास्ता असाच काडीवर गुंडाळून करतात. शेवयांना आपल्याकडं नावाजलेला बन्सी गहू आणि इटलीत पास्त्याला लागणारा गहू, दोन्ही ड्युरम जातीचेच. १९६७ पासून तिथं कायदा आहे की वाळवलेला पास्ता ड्युरमचाच हवा. मी हे आईला मोबाईलवर फोटो दाखवून सांगितलं. तिला त्रापानीचं काही कौतुक वाटलं नाही.

"आमच्या घरी चार जनी लागे," ती म्हणाली. "मी, माय, काकू आन् शेजारची एक. अंगनात खाट टाकून दुपारभर बसो. सरगुंडे निमित्त वं. बोलाचं राहे."

तिचं माहेर अकोल्याकडं. मामी अजून करते, पण आता एकटीच करते, म्हणून एक वाटीभरच. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर पंचाहत्तर किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज रेकॉर्ड झालं. त्या रस्त्यावरून आता अकोला फार लांब वाटत नाही. तरी आई गेल्या दोन वर्षांत एकदाच गेली. बाबांच्या वर्षश्राद्धाचं आमंत्रण द्यायला.

प्लेट अर्धी झाली तेव्हा तिनं काटा खाली ठेवला. मी म्हटलं, "आवडलं नाही?"

"त्या दिवशी बी असंच अर्धं राह्यलं होतं," ती म्हणाली.

एसीचा आवाज तेवढा येत होता.

"तुह्या बाबाले मी सांगतलं नाई," ती म्हणाली. "त्या मानसालेच सांगतलं, की मीनंच पाठवलं होतं तिले, वही आनाले. बाबाले समजलं असतं त तुह्यं शिकनं बंद. माह्यं झालं होतं नं तसं. दहावीत. म्या त पास्ता बी नव्हता खाल्ला."

मला हे माहीत नव्हतं. आईचं शिक्षण दहावीत थांबलं एवढंच माहीत होतं. "तेव्हा तसंच असायचं" असं घरात म्हणायचे. कुणाशी बोलताना तिला कुणी पाहिलं, काय झालं, हे मी विचारलं. तिनं सांगितलं. ते तिचं आहे, इथं लिहिणार नाही.

मग मी तिला माझं सांगितलं. तेरा वर्षांचं एका बैठकीत होत नाही, पण मोडलेल्या लग्नापर्यंत पोचले. मधे वेटर येऊन "और कुछ?" विचारून गेला. आम्ही एक कोल्ड कॉफी मागवली, दोघींत. खाली राजकमलचे दिवे लागले. वरून पाहिलं तर तो बाजार त्या सिरियलमधल्यासारखाच दिसत होता. आई तसं म्हणाली नाही. ती बाजूच्या टेबलाकडं बघत होती. त्या पोरीनं पुन्हा हात धरला होता. आईनं खुर्ची जराशी वळवली, तिला पाठ होईल अशी.

पावणेदोन तास बसलो. बिल तीनशे ऐंशी रुपये. मी फोन काढला तर आईनं माझा हात बाजूला केला. म्हणाली, "मागच्या टायमाचंबी मीनंच देल्लं होतं."

आणि ऑटोनं घरी आलो.

तर कुणाला राजकमलला इटालियन खायचं असेल त्यांनी दुपारी चारच्या सुमारास जावं, जिना चढून वर, काचेजवळचं टेबल मागावं. मीठ आधीच जास्त टाकायला सांगावं. आईला विचाराल तर तिनं घरी आल्या आल्या शेजारच्या काकूंना दारातूनच निकाल सांगून टाकला:

"पास्त्यात काई दम नाई वं. पन बसाले लय चांगलं हाये. बुधवारी चाल."