कचऱ्यावरचं रान

पाणी कुठे साचतं हे परळमध्ये वाढलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. हिंदमाता चौक पाण्याने भरला की चपला हातात घ्यायच्या आणि दादरहून चालत यायचं. चाळीतली म्हातारी माणसं म्हणायची, पाणी आपल्या जागेवर येतंय, आपण मध्ये बसलोय. खोटं नव्हतं ते. बेटांमधली खाजणं बुजवत हे शहर वाढलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्ड या बांधाने वरळीकडचं खिंडार बंद केलं. मग १८०३ साली शीवचा बांध झाला, १८४५ साली माहीमचा. मुंबईचा मूळ धंदा भरावाचाच, गिरण्या नंतरच्या.

महाराष्ट्र निसर्ग उद्यानात फिरताना हे डोक्यात असतंच. धारावी बस डेपोसमोर, मिठी नदीच्या काठाला सदतीस एकर. १९७७ पर्यंत इथे शहराचा कचरा पडायचा. १९८३ साली पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या हस्ते पहिलं रोप लागलं आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. आता आत शिरलं की डोक्यावर झाडांची दाटी, कुठूनतरी तांबटाची टुक टुक, झुडपात भारद्वाजाची सावध हालचाल. पावसाचं पाणी साठवायला तळं आहे. शेजारच्या लिंक रोडवरचे हॉर्न पूर्ण थांबत नाहीत, पण मागे पडतात. पायाखाली पाला कुजतोय, त्याच्याखाली माती, आणि मातीखाली आपल्याच आजी-आजोबांच्या पिढीने टाकलेला कचरा. इतक्या वर्षांत उकिरड्याचं रान झालं, हे मला कुठल्याही पुलापेक्षा मोठं काम वाटतं.

तरीही याला पाणथळ जागा परत मिळवली असं मी म्हणणार नाही. बुजवलेली खाडी परत आलेली नाही. तिच्यावर माणसांनी जंगल लावलंय, आणि ते छान लावलंय. खरी पाणथळ जागा मिठीच्या बाजूला आहे. तिथे तिवरं चिखलातून श्वासाची मुळं वर काढून उभी असतात, ओहोटीला गाळात बगळे दिसतात. ती कुणी लावावी लागत नाहीत. भरती-ओहोटी आली-गेली आणि डेब्रिसचे ट्रक आले नाहीत, एवढं त्यांना पुरतं. एवढंच आपल्याला जमत नाही. विहार आणि पवईचं पाणी घेऊन निघालेली मिठी माहीमला पोचेपर्यंत काय होते, ते नाकाला कळतं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, तेव्हा या नदीला तिची जागा दिलेली नव्हती हे सगळ्या शहराला कळलं.

फ्लेमिंगोंसाठी आपण हौसेने शिवडीला जातो. ठाणे खाडीला २०१५ साली अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, मान मिळाला, ते योग्यच झालं. पण गुलाबी पाहुण्यांना मिळतो तो मान राखाडी चिखलाला मिळत नाही, आणि ते पक्षी येतात ते या चिखलासाठीच.

उद्यानात जा. पावसाळ्यात गेलात तर फुलपाखरं भेटतील. मुलांना न्या, वेफर्सची पाकिटं घरी ठेवा. मिठीच्या बाजूला वास येतो म्हणून मागे फिरू नका. तिवरं तिथंच आहेत.