माझ्या विद्यार्थ्याची पाणबुडी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी गुडघ्याने सत्याग्रह पुकारला होता. त्याची कहाणी फोनवर सगळ्यांना सांगून झालीय, तेव्हा इथे नको. आज लिहायचंय ते पाणबुडीबद्दल. हसू नका! जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई पाणबुडीवर काय लिहिणार, असं आमच्या ठाण्याच्या वहिनींना वाटेलच. पण आधी ऐका तर खरं.

त्याचं झालं असं, की गेल्या महिन्यात एका दुपारी दारावरची बेल वाजली. दारात साठीचा एक गृहस्थ, हातात पेढ्यांचा पुडा. "बाई, ओळखलंत का?" मी नाही ओळखलं. मग त्याने नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, चाळ सांगितली, आणि एकदम तिसऱ्या बाकावरचा तो मुलगा डोळ्यांसमोर आला. 'सूर्य' कायम ऱ्हस्व लिहायचा! माझगाव डॉकमधून नुकताच निवृत्त झाला होता. वेल्डर म्हणून. ("माझं नाव कुठे लिहू नका हं, बाई," असं बजावून गेलाय, म्हणून लिहीत नाही.)

पेढा हातात घेतला, पण मनात चर्र झालं. त्याचं कारण सांगायला १९८२ सालात जावं लागेल.

त्या वर्षी १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मार्चमध्ये आमच्या मुलांची दहावीची परीक्षा होती. लालबागमधली आमची शाळा म्हणजे निम्मा वर्ग गिरणी कामगारांच्या पोरांचा. ह्याचे वडील साचेखात्यात होते. वर्षानुवर्षं त्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांच्याशी बोलताना आवाज चढवावा लागायचा. निकाल लागला, मुलाला चांगले गुण पडले. वडील शाळेत आले आणि म्हणाले, "बाई, संप कधी मिटेल सांगता येत नाही. वर्ष-दोन वर्षांत हाताला काम मिळेल असं काहीतरी सांगा. आयटीआयचा फॉर्म आणलाय." आणि मी, बी.ए., बी.एड., तिशीतली, स्वतःच्या शहाणपणावर फार विश्वास असलेली, मोठ्या आवाजात म्हणाले, "अहो, एवढा हुशार मुलगा, तो काय हातोडा धरणार?"

ते काही बोलले नाहीत. नुसते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. फॉर्मची घडी घातली, नमस्कार केला आणि गेले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मुलगा आयटीआयला गेला. मला मात्र अधूनमधून ती घडी आठवायची.

असो. तर पाणबुडी.

कामाबद्दल तो फारसं बोलला नाही. "ते विचारू नका, बाई, आम्हाला सवयच नाही सांगायची." मग तो गेल्यावर मी आणि नातवाने मिळून वर्तमानपत्रांतलं आणि नौदलाच्या पत्रकांतलं शोधून शोधून वाचलं. खाली लिहितेय ते तिथलं.

माझगाव डॉकमध्ये फ्रेंचांच्या स्कॉर्पीन आराखड्यावरून सहा पाणबुड्या बांधायचा करार २००५ च्या ऑक्टोबरात झाला. कलवरी, खांदेरी, करंज, वेला, वागीर आणि वाघशीर. कलवरी २०१२ मध्ये मिळायची होती, ती नौदलात आली १४ डिसेंबर २०१७ ला. सहावी, वाघशीर, १५ जानेवारी २०२५ ला दाखल झाली. लांबी ६७.५ मीटर, म्हणजे आपल्या लोकलचे जेमतेम सव्वातीन डबे. त्यात चाळीसेक माणसं, सहा टॉर्पेडो नळ्या, टॉर्पेडो आणि क्षेपणास्त्रं मिळून अठरा शस्त्रं, दोन डिझेल इंजिनं आणि बॅटऱ्या.

ह्या बॅटऱ्यांपाशी मी थबकले. एकेक घट ७५० किलोचा, आणि असे ३६०! गणित माझा विषय नव्हे, तरी पाटीवर मांडल्यासारखं मांडलं: २७० टन. अख्ख्या पाणबुडीचं वजन साधारण १६०० टन, म्हणजे सहावा हिस्सा नुसत्या बॅटरीचा. एवढं ओझं कशासाठी? तर गप्प राहण्यासाठी.

डिझेल इंजिनाला हवा लागते आणि ते आवाज करतं. पाण्याखाली हवा नाही, आणि आवाज तर मुळीच चालत नाही, कारण समुद्रात शत्रूला ऐकूनच शोधायचं असतं. म्हणून इंजिनाने फक्त बॅटऱ्या भरायच्या आणि खोल पाण्यात त्या बॅटऱ्यांवर विजेच्या मोटरने हळूहळू चालायचं. आतली यंत्रं हादरे शोषणाऱ्या बैठकींवर बसवतात, म्हणजे त्यांची घरघर कवचातून बाहेर पाण्यात जात नाही. अणुशक्तीवरच्या पाणबुडीला हवेची गरज नसते, ती महिनोन्‌महिने खाली राहते. पण तिच्या भट्टीचे पंप वगैरे चालू ठेवावे लागतात. बॅटरीवर चालणारी ही छोटी पाणबुडी त्या मानाने मुकी.

मात्र तिचं एक दुखणं आहे. जोरात धावली, म्हणजे वीस नॉटने, ताशी सुमारे ३७ किलोमीटरने (आपली लोकलसुद्धा ह्याहून जोरात जाते!), तर बॅटरी काही तासांत संपते. हळू गेली तर काही दिवस पुरते. मग पृष्ठभागाजवळ येऊन स्नॉर्केलची नळी पाण्याबाहेर काढायची, हवा आत ओढायची आणि इंजिन सुरू करून बॅटऱ्या भरून घ्यायच्या. थोडक्यात, नाक वर काढावंच लागतं. आणि ती नाक वर काढते तेव्हाच सापडते. एरवी कितीही हुशार असली तरी त्या वेळात ती रडारला दिसू शकते आणि इंजिनाचा आवाजही लपत नाही.

अशी पाणबुडी काय करू शकते, ते माझ्या पिढीला ठाऊक आहे. १९७१ च्या डिसेंबरात मी कॉलेजात होते. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावून आम्ही अंधारात बसायचो. ९ डिसेंबरला दीवजवळच्या समुद्रात आपली खुकरी बुडाली. बुडवणारी पाकिस्तानची हंगोर हीसुद्धा फ्रेंच बनावटीची, डिझेल आणि बॅटरीवर चालणारी पाणबुडीच होती. आपले १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. तेव्हा आम्ही 'पाणबुडी' हा शब्द दबक्या आवाजात उच्चारायचो.

आता पुन्हा आमच्या पाहुण्याकडे येते. निघायच्या आधी मी त्याला एवढंच विचारलं, "अरे, तू नेमकं काय करायचास?" म्हणाला, "सांधे जोडायचो, बाई."

पाणबुडी एकसंध बांधत नाहीत. पोलादाच्या मोठमोठ्या कड्या करतात, कड्यांचे भाग करतात, आत यंत्रं बसवतात आणि मग ते भाग एकमेकांना जोडतात. कलवरीचे पाच भाग होते, ते २०१४ च्या जुलैत एकसंध झाले. ह्या पाणबुड्या ३०० मीटरहून खोल जाऊ शकतात. तिथे दर चौरस सेंटिमीटरवर तीसेक किलोचा दाब असतो, म्हणजे काडेपेटीएवढ्या जागेवर सुमारे ५०० किलो! तो दाब कवचावर सगळीकडून येतो आणि सांधाही त्यातून सुटत नाही. म्हणून पोलाद आधी तापवून घ्यायचं, मग थरावर थर देत वेल्डिंग करायचं, मग तो सांधा एक्स-रे काढून तपासायचा. आत कुठे बारीकसा बुडबुडा राहिलेला दिसला, तर घासून काढून पुन्हा पहिल्यापासून. "तुम्ही शुद्धलेखन तपासायचात ना, बाई," तो म्हणाला, "त्याहून कडक." ह्या मुलाच्या वहीत मी लाल शाईने किती गोल काढले असतील!

मग त्याने जे सांगितलं ते माझ्या डोक्यात राहिलंय. शाळकी आणि शंकुल ह्या दोन जर्मन आराखड्याच्या पाणबुड्या त्याने तरुणपणी माझगावमध्ये बांधल्या जाताना पाहिल्या. पहिली १९९२ मध्ये नौदलात आली, दुसरी १९९४ मध्ये. त्यावर उमेदवारी करत तो हे काम शिकला. पण पुढच्या पाणबुड्या झाल्याच नाहीत. कलवरीचं पोलाद कापायला सुरुवात झाली २००६ च्या डिसेंबरात. मधली बारा वर्षं तो जहाजांची कामं करत राहिला. ज्यांनी त्याला शिकवलं ते एकेक करून निवृत्त झाले, काही आखातात गेले. "आम्हाला सगळं पुन्हा शिकावं लागलं, बाई. कागद सगळे जपून ठेवलेले असतात हो. हात विसरतात."

त्याची आता तीच काळजी आहे. सहावी पाणबुडी गेली, आता पुढची कधी? एक काम मात्र येऊ घातलंय, त्याबद्दल तो उत्साहाने बोलला, कारण ते पेपरात आलेलं आहे. अंबरनाथच्या नौदल प्रयोगशाळेने बाहेरची हवा न घेता वीज तयार करणारी फ्युएल सेलची यंत्रणा बनवलीय, म्हणजे नाक वर काढायची पाळी कमी वेळा येईल. ती ज्या भागात बसवायची तो बांधण्याचा करार डिसेंबर २०२४ मध्ये माझगाव डॉकशी झाला. पण तो बसवायचा कसा? तर तयार पाणबुडी मधोमध कापायची, नवा भाग मध्ये घालायचा आणि पुन्हा जोडायची! "पोरं चांगली आहेत," तो म्हणाला, "पण कुणीतरी बाजूला उभं राहून सांगायला पाहिजे."

एवढं झाल्यावर मला राहवेना. म्हटलं, "तुझ्या वडिलांना मी एकदा काहीतरी बोलले होते." तो म्हणाला, "हो, हातोड्याचं ना? बाबांनी घरी येऊन सांगितलं होतं." मला वाटलं पुढे काहीतरी म्हणेल. म्हणाला, "बाई, अजून अर्धा कप चहा मिळेल?"

वडील २००१ मध्येच गेले. त्यांनी मुलाची पाणबुडी पाहिली नाही. बाहेरून तरी त्यांना ती गप्प पाणबुडी आवडली असती, असं मला वाटतं. त्यांचं सगळं आयुष्य आवाजात गेलं होतं.

आमचा नातू यंदा दहावीला आहे. चहा होईतो तो पाहुण्याजवळ सरकून बसला होता आणि विचारत होता की वेल्डिंग करताना हात थरथरत नाही का, आणि हे शिकायला कुठे जावं लागतं. सूनबाईंनी स्वयंपाकघरातून माझ्याकडे पाहिलं. मी बोलावं, अशी त्यांची अपेक्षा होती. आजवर बोलतच आलेय ना! ह्या वेळी मी बोलले नाही. पाहुण्याने त्याचा हात आपल्या हातात घेऊन बोटं कशी धरायची ते दाखवलं, आणि मी नुसतं बघत राहिले. पुढे तो काय करेल ते करो.

जाताना मी त्याला एक विचारलं. त्याने खांदेरीवर काम केलं होतं, ती २०१९ च्या सप्टेंबरात नौदलात आली. "अरे, खांदेरी किल्ला पाहिलास का कधी?" नाही म्हणाला. मग मात्र माझ्यातली इतिहासाची बाई जागी झाली. १६७९ मध्ये महाराजांनी मुंबईच्या तोंडावरच्या त्या बेटावर किल्ला बांधायला घेतला, आणि मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी ह्या दोघांच्याही पोटात गोळा आला. इंग्रजांनी मोठी जहाजं आणून नाकेबंदी केली. आपल्या छोट्या, हलक्या होड्या किनाऱ्यावरून रसद घेऊन त्यांच्या नजरेआडून बेटावर पोचायच्या. किल्ला उभा राहिला. २०२५ मध्ये तो जागतिक वारशाच्या यादीतही गेला. मी उभी राहून हे सगळं सांगितलं आणि साठीचा तो माणूस दारात चपला हातात घेऊन ऐकत होता, तिसऱ्या बाकावरून ऐकायचा तसाच.

थंडी पडली की अलिबागजवळ थळला जायचं ठरवलंय. तिथल्या किनाऱ्यावरून खांदेरी दिसतो. तो, त्याची बायको, मी आणि नातू. गुडघ्याने साथ दिली तर जाऊन आल्यावर लिहीनच.